फाशी यार्डात पोचलेले विधी विद्यालय

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात पौड फाट्याजवळच्या एका घरात सात जणांचा खून झाला. पाच बायका, त्यांतली एक गरोदर, आणि दोन लहान मुले. राठी हत्याकांड या नावाने ती घटना पुणेकरांच्या आजही लक्षात आहे. आरोपी पकडले गेले, त्यांतला एक माफीचा साक्षीदार झाला आणि उरलेल्या दोघांना सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच वर्षी पुनर्विलोकन याचिकाही फेटाळली. त्या दोघांपैकी एक जण राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या जलाबसर गावचा होता. खटल्याच्या कागदांत तो विशीतला तरुण म्हणून नोंदला गेला. गावच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र त्याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ अशी होती, म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. रजिस्टरमधले नाव आणि खटल्यातले नावही थोडे वेगळे होते. अल्पवयीन आरोपीची ओळख उघड करू नये असा कायदा आहे, म्हणून इथे दोन्ही नावे देत नाही. हे रजिस्टर कुणी लपवून ठेवले नव्हते. शाळा होती, दप्तर होते, ग्रामपंचायत होती, गावात त्याला ओळखणारी माणसे होती. पण तीन पातळ्यांवरच्या न्यायालयांत खटला चालला, त्या सगळ्या काळात ते पान न्यायाधीशांपुढे आले नाही.

ते पान अखेर सर्वोच्च न्यायालयापुढे गेले ते दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका केंद्राने हे प्रकरण हाती घेतल्यानंतर. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना वयाची चौकशी करायला सांगितले. शाळेची नोंद, दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पंचायतीचा कागद तपासून त्यांनी तो अल्पवयीन असल्याचा अहवाल दिला. २७ मार्च २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ, न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. हृषिकेश रॉय यांच्या खंडपीठाने तो अहवाल स्वीकारला आणि नागपूर मध्यवर्ती कारागृहातून त्याची सुटका झाली. अल्पवयीनाला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते, आणि तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता. ही काही पुढे आलेल्या सौम्य कायद्याची कृपा नव्हती. १९९४ साली लागू असलेल्या १९८६ च्या बाल न्याय कायद्यानुसारही सोळा वर्षांखालच्या मुलाला फाशी देता येत नव्हती. म्हणजे कायदा पहिल्या दिवसापासून त्याच्या बाजूने होता. कमी होता तो एक दाखला, आणि तो आणायला बिकानेरपर्यंत जाणारा माणूस.

भारतातल्या विधी विद्यालयांनी कैद्यांच्या बचावासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत जे केले, त्याचे मोल या एका प्रकरणावरून नीट कळते. त्या कामाचे कौतुक करताना आपण सहसा हुशार युक्तिवाद, गाजलेले निकाल आणि मध्यरात्रीच्या सुनावण्या यांकडे बोट दाखवतो. माझे म्हणणे वेगळे आहे. फाशीच्या खटल्यांत आपल्याकडे तत्त्वांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती आरोपीविषयीच्या साध्या माहितीची, आणि ती गोळा करणे हे कुणाचेच काम नव्हते. विद्यालयांनी ते काम आपले मानले. वकिलीच्या मूळ पद्धतीत त्या कामाला जागाच नव्हती, म्हणूनच ते त्यांच्या वाट्याला आले.

तत्त्वे किती होती ते पाहू. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दोन नवे नियम आले. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकायचे, आणि फाशी द्यायची तर तिची खास कारणे लिहायची. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९अ आले आणि गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये ही जबाबदारी राज्यावर पडली. ऑगस्ट १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्याला मोफत वकील आणि निकालाची मोफत प्रत मिळण्याचा हक्क आखून दिला. त्या प्रकरणाची हकिगत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आरोपी विद्यापीठातला अध्यापक होता, आरोप बनावट पदव्यांचा. उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये त्याची शिक्षा वाढवली, पण निकालाची प्रत त्याच्या हाती पडली ती १९७८ मध्ये, असे त्याचे म्हणणे होते. शिकलेल्या माणसाची ही अवस्था, तर अंगठा उठवणाऱ्याचे काय होत असेल? मग मे १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्याचा निकाल आला. फाशी घटनाबाह्य नाही, पण ती दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणातच द्यावी, गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा, आणि तो सुधारण्याची शक्यता नाही हे सरकारने पुराव्याने सिद्ध करावे, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले. हा शेवटचा भाग नीट वाचायला हवा. पुरावा द्यायचा होता सरकारने, आणि तो आरोपीच्या आयुष्याविषयी.

पुढची चाळीस वर्षे तो पुरावा बहुतेक खटल्यांत आलाच नाही. सरकारी वकील गुन्हा किती क्रूर होता ते सांगत राहिले आणि बचावाचे वकील चार ठरलेली वाक्ये म्हणत राहिले : वय लहान आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, आधीचा गुन्हा नाही, दया व्हावी. दिल्ली, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांतल्या सत्र न्यायालयांनी २००० ते २०१५ या काळात फाशी दिलेल्या २१५ निकालांचा अभ्यास पुढे दिल्लीच्या याच केंद्राने केला. त्यात अनेक ठिकाणी दोषी ठरवण्याचा निकाल आणि शिक्षेवरची सुनावणी एकाच दिवशी उरकलेली दिसते. सकाळी दोषी ठरलेला माणूस लहानपणी शाळेत का गेला नाही, त्याच्या डोक्याला कधी मार लागला होता का, आठव्या वर्षी तो कुठल्या भट्टीवर राबत होता, हे दुपारपर्यंत कोण शोधून काढणार? न्यायाधीशांचे मन कठोर होते असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे माणूस उभा होता, पण त्याच्याविषयीचा कागद कोरा होता, आणि कोऱ्या कागदाशेजारी शवविच्छेदनाचा अहवाल ठेवला तर कुठले पारडे जड होणार हे उघड आहे.

विद्यालयांनी हे काम आधी का केले नाही, याची कारणे काही प्रमाणात नियमांत सापडतात. १९७३ साली कृष्ण अय्यर समितीने विधी साहाय्यात विद्यार्थ्यांना सामील करावे असे सुचवले होते. बार कौन्सिलने १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रात्यक्षिकाचे चार विषय सक्तीचे केले, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातही विद्यालयांतल्या अशा शिक्षणाचा उल्लेख आहे. पण पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे प्राध्यापक न्यायालयात उभा राहू शकत नाही, आणि सनद नसलेल्या विद्यार्थ्याचा तर प्रश्नच नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकाच्या देखरेखीखाली न्यायालयात बाजू मांडतो. न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी विद्यालयात १९९२ मध्ये सुरू झालेल्या इनोसन्स प्रोजेक्टची डीएनए चाचणीच्या आधारे कैदी सोडवण्याची कीर्ती जगभर पसरली. आपल्याकडे विधी साहाय्य केंद्र म्हणजे एक पाटी, एक टेबल आणि गावात नेलेले एक शिबिर, असे बहुतेक महाविद्यालयांत होऊन बसले. परीक्षकाला दाखवायची वही भरली की काम संपले. या नियमांना मी दोष देणार नाही. न्यायालयाची दारे बंद होती म्हणूनच पुढे काही जणांनी तुरुंगाच्या दाराकडे मोर्चा वळवला.

शिक्षणसंस्थेने तुरुंगात जाऊन माहिती आणावी, याला महाराष्ट्रात एक जुना आधारही आहे. शीला बारसे या पत्रकार मे १९८२ मध्ये मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलल्या, आणि पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांतल्या पाच जणींनी सांगितले. बारसे यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि खरे-खोटे पाहण्यासाठी निर्मला निकेतन या मुंबईच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात पाठवले. त्यांच्या अहवालावर फेब्रुवारी १९८३ चा निकाल उभा राहिला, आणि स्त्री कैद्यांसाठी वेगळ्या कोठड्या, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला देणे, असे निर्देश त्यातून निघाले. १९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून त्यांचे समाजकार्यकर्ते मुंबईच्या तुरुंगांत कच्च्या कैद्यांसाठी जामीनदार शोधणे, घरच्यांना निरोप देणे, सुटल्यावर राहायची सोय पाहणे अशी कामे करत आले आहेत. तुरुंगातल्या माणसापर्यंत समाजकार्याची संस्था पोचली होती, विधी विद्यालय मागे होते, हे प्रांजळपणे नोंदवायला हवे.

विद्यालयाला फाशी यार्डापर्यंत नेले ते २०१२ ते २०१४ या तीन वर्षांतल्या घटनांनी. ऑगस्ट २००४ नंतर देशात आठ वर्षे कुणाला फाशी झाली नव्हती. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात अजमल कसाबला आणि ९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये अफजल गुरूला फाशी दिली गेली, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेले दयेचे अर्ज भराभर निकाली निघू लागले. देशात फाशीचे कैदी नेमके किती, कोण आणि कुठले, याची धड यादीही तेव्हा कुणाकडे नव्हती. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात तेव्हा शिकवणारे अनुप सुरेंद्रनाथ आणि त्यांचे विद्यार्थी २०१३ च्या उन्हाळ्यात या शोधाला लागले. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने राज्याराज्यांतल्या तुरुंगांची परवानगी मिळवायची, विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाठवायच्या, कैद्याशी बोलायचे, मग त्याच्या गावी जाऊन घरच्यांशी बोलायचे, असे ते काम जानेवारी २०१५ पर्यंत चालले. शोधून काढलेल्या ३८५ कैद्यांपैकी ३७३ जणांच्या मुलाखती झाल्या. दरम्यान, जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात मुख्यतः दयेच्या अर्जाला लागलेल्या अक्षम्य विलंबामुळे सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी रद्द केली. सप्टेंबर २०१४ मध्ये फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका बंद दालनात न ठेवता खुल्या न्यायालयात ऐकण्याचा नियम घटनापीठाने घातला. मिटलेली प्रकरणे पुन्हा उघडण्याची वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी विद्यापीठात फाशीच्या शिक्षेवरचे केंद्र उभे राहिले. पुढे घटनेतल्या विधी साहाय्याच्या कलमावरून त्याने ‘प्रोजेक्ट ३९अ’ हे नाव घेतले. आता त्याची मंडळी हैदराबादच्या नालसार विद्यापीठात ‘द स्क्वेअर सर्कल क्लिनिक’ या नावाने काम करतात.

मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातले काही आकडे धक्का देणारे आहेत, काही अपेक्षित. फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होते, जवळपास तितकेच मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्य समाजांतले, आणि सुमारे तेवीस टक्क्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. हे वाचून फारसे नवल वाटत नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वकिलांविषयीचे प्रकरण. उच्च न्यायालयातला आपला वकील कधी भेटलाच नाही, त्याच्याशी बोलणेही झाले नाही, असे सांगणारे दोन-तृतीयांशांच्या आसपास होते. सर्वोच्च न्यायालयात आपली बाजू मांडणाऱ्याचे नावही अनेकांना सांगता आले नाही. आणि यांतले बहुतेक जण सरकारी मोफत वकिलावर अवलंबून नव्हते. जमीन विकून, दागिने मोडून, व्याजाने पैसे काढून त्यांनी खाजगी वकील दिला होता.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, मोफत विधी साहाय्याची यंत्रणा असताना विद्यालयाने यात कशाला पडावे. तिलाच बळकट करा म्हणजे झाले. बळकट करायलाच हवे. पण वरचा तपशील सांगतो की दुखणे मानधनाच्या पलीकडचे आहे. आपल्याकडे वकिलीचा हिशेब तारखेवर चालतो. वकीलपत्र दाखल करणे, उलटतपासणी, युक्तिवाद, अपील, हे काम म्हणून ओळखले जाते आणि त्याचे पैसे मिळतात. अशिलाच्या गावी चार दिवस राहून त्याच्या शिक्षकाला शोधणे, बंद पडलेल्या दवाखान्याचे जुने केसपेपर मिळवणे, बहिणीला विश्वासात घेऊन घरातल्या मारहाणीविषयी बोलते करणे, हे कुठल्याही बिलात बसत नाही. सज्जन वकीलही ते करू शकत नाही, कारण त्याच दिवशी त्याला दुसऱ्या अशिलासाठी उभे राहायचे असते. विद्यालयाकडे तीन गोष्टी होत्या ज्या वकिलाकडे नसतात : वेळ, तरुण मनुष्यबळ आणि प्रत्येक तारखेला फी न मागण्याची मुभा. शिवाय तिथे कायद्याच्या जोडीला मानसशास्त्र, समाजकार्य आणि मानववंशशास्त्र शिकलेली माणसे एका टेबलाशी बसू शकतात. राठी प्रकरणातला कैदी वरच्या न्यायालयांपर्यंत गेला तेव्हा त्याच्या बाजूने कुणी ना कुणी वकील उभा होताच. जलाबसरला जाऊन शाळेचे दप्तर पाहणे मात्र त्याच्या कामात मोडत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. न्यायालयांनीच अखेर चूक सुधारली ना, मग व्यवस्था चालते असेच म्हणायला हवे, असे पुष्कळ जाणकार म्हणतात. याच केंद्राचे आकडे त्यांच्या मदतीला येतील असे वाटते, कारण २००० ते २०१५ या काळात सत्र न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी वरच्या न्यायालयांत जेमतेम पाच टक्के टिकल्या आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक जण तर निर्दोष सुटले. पण हा दिलासा फसवा आहे, हे नाशिकच्या एका खटल्यावरून दाखवता येते. ५ जून २००३ च्या रात्री पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जण मारले गेले, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, आणि एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. ज्या जुन्या निकालाचा आधार त्यासाठी घेतला होता, तो बच्चन सिंगशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने दोन आठवड्यांत, महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात, सांगून टाकले. तरीही हे सहा जण आतच राहिले. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे २०१२ मध्ये निष्पन्न झाले. शेवटी पुनर्विलोकनात प्रकरण नव्याने ऐकले गेले, आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर व न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सगळ्यांना निर्दोष सोडले.

त्या निकालातला एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. हल्ल्यातून वाचलेल्या जखमी बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते. त्यांच्याविरुद्ध तपास झाला नाही आणि ही गोष्ट न्यायालयापासून दडवली गेली. न्यायालयाने सहाही जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करायला राज्य सरकारला सांगितले. सोळा वर्षांनंतर. आता विचारा की व्यवस्था चालली म्हणजे काय झाले. ते जबाब, ती छायाचित्रांची ओळख, वयाचे पुरावे, सगळे २००३ पासून अस्तित्वात होते. वाचण्याइतका वेळ घेऊन कुणीतरी ते वाचायला बसल्यावर निकाल फिरला. आणि फाशीच्या बाबतीत असा कुणी वेळेवर भेटणे हा निव्वळ योगायोगाचा भाग असेल, तर ज्यांना तो भेटला नाही त्यांच्याविषयी आपण काहीच ठामपणे म्हणू शकत नाही. सुधारलेल्या चुकांची मोजदाद करता येते, न सापडलेल्यांची करता येत नाही.

तिसरा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पौड फाट्यावरच्या त्या घरात सात जीव गेले. त्यांच्या माणसांनी एक निकाल ऐकला, तो तीन वेळा कायम झालेला ऐकला, आणि अठ्ठावीस वर्षांनी आरोपी सुटल्याची बातमी वाचली. त्यांच्या दुःखापुढे वयाचा दाखला क्षुल्लक वाटला तर त्यात त्यांची चूक नाही. इतक्या लहान मुलाच्या हातून असे क्रौर्य व्हावे याचा धक्का बसतो हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, पण धक्क्यावर निवाडा बेतता येत नाही असेही म्हटले. मी याला एक गोष्ट जोडेन. नाशिकच्या प्रकरणात त्या जखमी बाईची घोर प्रतारणा कुणी केली? बचावाच्या बाजूने तर नक्कीच नाही. तिने बोट दाखवलेली चार माणसे सोडून दिली गेली आणि तिच्या कुटुंबाचे खरे मारेकरी मोकळे राहिले. बचाव दुबळा असला की तपासाला आळशी राहण्याची सवलत मिळते, आणि तिची किंमत आरोपीइतकीच फिर्यादीलाही मोजावी लागते.

आता शिक्षेच्या प्रश्नाकडे येतो, कारण विद्यालयाच्या पद्धतीने सर्वांत खोल ठसा तिथे उमटवला. गुन्हा सिद्ध झाला आहे, आरोपी अल्पवयीन नाही, तपासही ठीक आहे, अशी प्रकरणे पुष्कळ. तिथे या केंद्राचे लोक काय करतात? कैद्याला एकदा नव्हे, अनेकदा भेटतात. पहिल्या दोन-तीन भेटींत तो फारसे बोलत नाही. मग त्याची आई, भावंडे, शेजारी, शाळेतले मास्तर, मुकादम यांच्याकडे जातात. जन्माच्या वेळचा त्रास, कुपोषण, डोक्याला झालेली इजा, कोवळ्या वयातली मजुरी, घरातली दारू, आजवर कुणी न ओळखलेला मानसिक आजार, तुरुंगातली वागणूक, हे सगळे कागदपत्रांशी ताडून एक अहवाल लिहितात. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८८ फाशीच्या कैद्यांची तपासणी होती, आणि साठ टक्क्यांहून अधिक जणांत मानसिक आजार आढळला. सुमारे अकरा टक्के बौद्धिकदृष्ट्या अक्षम होते, आणि खटल्यात ही बाब पुढेच आलेली नव्हती. यावर म्हटले जाते की, हा गुन्ह्याला सबबी शोधण्याचा प्रकार आहे, हलाखीत वाढलेले सगळेच काही खुनी होत नाहीत. खरे आहे, होत नाहीत. पण अहवाल निर्दोष सोडा म्हणत नाही. जन्मठेप की मृत्यू, एवढाच प्रश्न उरलेला असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गुन्हेगार पाहा हे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९८० मध्येच सांगितले आहे. पाहायचे तर दिसण्याजोगे काही समोर ठेवायला हवे. ज्याला हा विचारच अमान्य आहे त्याचे भांडण विद्यालयाशी नसून बच्चन सिंगच्या निकालाशी आहे.

विद्यार्थ्यांच्या हाती जीवनमरणाचे प्रश्न द्यावेत का, ही शंकाही रास्त आहे. कच्च्या हाताने घेतलेली मुलाखत कैद्याचे नुकसान करू शकते, आणि पदवी मिळताच विद्यार्थी निघून जातो, कैदी तिथेच राहतो. सुरुवातीचे सर्वेक्षण विद्यार्थ्यांनी केले, तरी खटल्यांचे काम पुढे पूर्णवेळ वकिलांनी आणि प्रशिक्षित माणसांनी सांभाळले, ते याच जाणिवेतून. माझ्या मते विद्यालयाचे केंद्र टिकते ते तिथे विद्यार्थी असतात म्हणून नव्हे, तर विद्यार्थी बदलले तरी फाइल आणि फाइल जाणणारी माणसे जागेवर राहतात म्हणून. जिथे ही सोय नाही तिथे शंकाच खरी ठरेल.

या पद्धतीला न्यायालयाची मान्यता मिळायला फार काळ लागला नाही. २०२१-२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही प्रकरणांत अशा अभ्यासकांना तुरुंगात कैद्याची भेट घेऊ दिली. २० मे २०२२ रोजी मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात न्या. लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांनी सत्र न्यायालयातच आरोपीचा मानसिक अहवाल, कौटुंबिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातली वागणूक यांची माहिती मागवण्याचे निर्देश दिले. न्या. लळित सोलापूरच्या वकिली घराण्यातले, स्वतः फौजदारी वकिलीत मुरलेले. नुसत्या युक्तिवादाने काय निसटते हे त्यांना ठाऊक असणार. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका खटल्यात तर पुनर्विलोकन आणि दयेचा अर्ज दोन्ही फेटाळले गेले असतानाही, हे निर्देश पाळले गेले नव्हते म्हणून शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली. निर्देश आले म्हणून सत्र न्यायालये बदलली, असे मात्र झालेले नाही. २०२३ मध्ये देशभर १२० फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि वर्षअखेर फाशीचे ५६१ कैदी तुरुंगांत होते, तोवरच्या जवळपास दोन दशकांतली सर्वांत मोठी संख्या. त्या वर्षीच्या बहुतेक शिक्षा आरोपीविषयीची पुरेशी माहिती न मागवताच दिल्या गेल्या होत्या.

एका विद्यापीठातले एक केंद्र पाचशेहून अधिक आयुष्यांचा शोध घेऊ शकत नाही. घ्यावा अशी अपेक्षाही चुकीची आहे, कारण बच्चन सिंगने ती जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची व्यवस्था उभारायला घेतली आहे. तारखेच्या हिशेबातून बचाव बाहेर काढणारे ते पहिले पाऊल म्हणता येईल. पण त्या कार्यालयात मुख्य, उप आणि साहाय्यक बचाव वकील आहेत. गावी जाऊन चौकशी करणारे समाजकार्यकर्ते नाहीत, मानसतज्ज्ञ नाहीत. हे दोन्ही एकत्र कसे चालते त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. येरवडा आणि नागपूर मध्यवर्ती कारागृहांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सहकार्याने प्रोजेक्ट ३९अ ने फेअर ट्रायल कार्यक्रम चालवला, आणि त्यात तरुण वकील व समाजकार्यकर्ता यांना कच्च्या कैद्यांसाठी एकत्र नेमले गेले. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आयएलएस १९२४ चे, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आता राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. या प्रत्येक शहरात किंवा त्याच्या लगत एक मोठे कारागृह आहे. नागपूरच्या २०२५ च्या निकालानंतर फाशीच्या प्रत्येक खटल्यात सत्र न्यायालयाला आरोपीच्या आयुष्याचा अहवाल मागवावाच लागेल, आणि तो तयार करायला राज्यात आज किती जण तयार आहेत, याचे उत्तर या महाविद्यालयांनी, विधी सेवा प्राधिकरणाने आणि गृह विभागाने एकत्र बसून पुढचा खटला निकालाला येण्याआधी द्यायचे आहे.